आईच्या खोलीचं तापमान

दुकानात शिरून कुणी थेट दिव्याची चौकशी केली की मी त्याला आधी स्टुलावर बसवतो. समुद्री टाकी म्हणजे बरणीतले चार मासे नव्हेत. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, दिसतो झुडपासारखा आणि नखरे करतो जावयासारखे. पाणी दोन अंशांनी तापलं की रुसतो, उजेड एकदम वाढवला की पांढराफटक पडून मरतो. म्हणून माझा नियम आहे: जागा पाहिल्याशिवाय मी दिवाही विकत नाही आणि फिल्टरही नाही. टाकी जिथे ठेवायची तिथे माझा थर्मामीटर एक पूर्ण दिवस टांगायचा. दिवसभरातला सगळ्यात चढा आणि सगळ्यात उतरता आकडा तो लक्षात ठेवतो. माणसं खोटं बोलतात, थर्मामीटर बोलत नाही, हे वाक्य मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय.

हा साहेब नकाशे काढणारा होता. येतानाच टाकीचं चित्र मापांसकट घेऊन आला. टाकी दोन फुटांची आणि दिवा निवडलेला चार फुटांच्या टाकीला पुरेल असा. नाकापेक्षा मोती जड, असं मी त्याला म्हणालो. पण त्याला हवे होते कडक, फांद्याफांद्यांचे प्रवाळ, आणि त्यांना तसलाच प्रखर दिवा लागतो. शिवाय खालच्या कपाटात फिल्टरची दुसरी टाकी, घाण फेसावाटे काढणारं यंत्र आणि पाणी गार ठेवणारा चिलर. एवढं करूनही खोलीचं तापमान हलत असेल तर सगळं पाण्यात. नाहीतर मग साधा मार्ग: मऊ प्रवाळ, लहान दिवा, मागे लटकवायचा फिल्टर. तो कुठेही चालतो, अगदी हॉलमध्येही.

त्याच्याबरोबर त्याची आई आली होती, पंचाहत्तरीच्या पुढची. माशांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. एकच विचारलं, तो मागे लटकवायचा फिल्टर चांगला असतो का. लहान टाकीला उत्तम, असं मी म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. का, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

घरात जागा दोनच होत्या. एक हॉल, दुपारभर ऊन खाणारा. दुसरी आईची खोली, जाड भिंतींची, एकाच लहान खिडकीची, दिवसभर गार. तिथे खाट, कपाट, शिवणयंत्र आणि तिची सतरा वर्षं. साहेबांनी मला सगळं शांतपणे समजावून सांगितलं. टाकी खोलीत गेली तर आईची खाट बोळात, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मध्ये. तिथून बाथरूम सहा पावलांवर, तिचीच सोय. ती पावलंही त्यांनी मोजली होती.

"मी काही ठरवत नाही, आई," ते म्हणाले. "आकडा काय येईल ते."

आईने मान डोलावली. मी दोन्हीकडे थर्मामीटर टांगून निघालो.

दुसऱ्या दिवशी हॉलमधला पाहिला: बावीस ते एकोणतीस. साहेबांचं तोंड उतरलं. मग आईच्या खोलीतला काढला. आत्ता चोवीस पूर्णांक सहा, सगळ्यात कमी चोवीस पूर्णांक एक, सगळ्यात जास्त छत्तीस पूर्णांक सात.

साहेब माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. म्हणजे ही खोली हॉलपेक्षाही वाईट, असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. मग कागदावर फांद्यांच्या प्रवाळावर काट मारली आणि खाली लिहिलं: मऊ प्रवाळ, लहान दिवा, लटकता फिल्टर. आई खाटेपाशी उभी राहून घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालत होती.

मी फक्त पिशवी बंद करून निघायचं होतं. पण माझ्या थर्मामीटरला कुणीतरी शेंडी लावली होती आणि मला ती कळली नाही असं कुणाला वाटणं मला सहन होत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"साहेब, छत्तीस पूर्णांक सात," मी म्हणालो. "खोलीचा ताप बघितलाय कुणीतरी. काखेत धरून."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आणि हसले. स्वयंपाकघरातून सूनबाईने काय झालं विचारलं, तिला सांगितल्यावर तीही हसली. आई म्हणाली, थंडी वाजत होती म्हणून जरा हातात घेतला होता. थंडी वाजते म्हणून थर्मामीटर हातात घ्यायचा. मीही हसलो. मग तीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळच्या आत खाट बोळात गेली.

मोठं सामान मीच बसवलं. चिलर पाणी गार करतो, पण मागून गरम हवा फेकतो. तो खोलीत ठेवला तर खोलीच तापणार. म्हणून भिंतीला भोक पाडून नळ्या बाहेर काढायच्या आणि यंत्र बोळात ठेवायचं, ही युक्ती माझीच. बोळात तेवढी जागा एकाच ठिकाणी उरली होती, खाटेच्या उशाशी.

साहेब कामाला चोख. पहिल्या आठवड्यात दिवा वीस टक्के, मग हळूहळू वाढवायचा, म्हणजे प्रवाळ दिपत नाहीत. एकदा बसवलेला प्रवाळ जागेवरून हलवायचा नाही, तो धसका घेतो, हेही मी सांगितलं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

"आणि हलवलाच तर?" दारातून आईने विचारलं.

"काही जगतात, आजी," मी म्हणालो. "पण वाढत नाहीत."

दर महिन्याला पाणी बदलायला मी जायचो. चार महिन्यांत प्रवाळांना जांभळी टोकं फुटली. पाणी पंचविसावर, आकडा हलत नव्हता. इतकी सुंदर टाकी माझ्या हातून आजवर झाली नव्हती, आणि मला तिचा अभिमान होता. तो आजही आहे.

अशाच एका फेरीत पाणी बदलण्यासाठी चिलर तासभर बंद ठेवला होता. हात पुसत बोळात आलो तर आई खाटेवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती. वाळली होती. उशाशी खिळ्याला माझा एक थर्मामीटर लटकत होता. सामान बसवताना मी तो विसरलो होतो आणि तिने तो तिथे टांगला होता.

"हा तुमचा राहिलाय," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, आत ऐकू जावं म्हणून. "वाचा जरा. मला ते बारीक आकडे दिसत नाहीत. तेव्हा मोठ्याने वाचला होतात, तसाच वाचा. मी हात लावलेला नाही."

साहेब बाहेर आले. मी वाचला. सगळ्यात जास्त, सदतीस पूर्णांक दोन.

"आई, परत खोलीचा ताप बघितलास का?" साहेब हसत म्हणाले.

आतून सूनबाईचंही हसणं ऐकू आलं. माझा विनोद या घरात चांगलाच रुळला होता.

म्हातारीने मुलाकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. चिलरची जाळी माझ्या गुडघ्याला टेकली होती आणि तास होऊनही ती कोमट होती. तो आकडा कुठून आला ते घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाचंच कुणी ऐकलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते बोललो असतो तर चिलर खोलीत घ्यावा लागला असता, खोली तापली असती आणि जांभळी टोकं गेली असती.

मी हसलो. बटण दाबून आकडा पुसला आणि थर्मामीटर पिशवीत टाकला. मग साहेबांना सांगितलं, आता दिवा आणखी पाच टक्के वाढवायला हरकत नाही.