मामांचा मासा

हौसाच्या अंकिताचं लग्न धरलं, ते साल दोन हजार आठ. फेब्रुवारीच्या सतरा तारखेला, रविवारी, हळद होती. आणि तिच्या दोन मामांनी एकमेकांचं तोंड बघितल्याला नऊ वर्षं झाली होती.

थोरला काशीराम गव्हाणला बापाच्या घरात राहायचा. धाकटा गणू जासईला कंटेनरच्या गोदामात मुकादम, बिऱ्हाडही तिथंच. बाप गेला तेव्हा गणू कामावर होता. निरोप मिळताच धावत मसणात पोचला, तर चिता अर्धी जळलेली. काशीराम त्याच्यासाठी थांबला नव्हता. गणूनं तिथलाच एक बांबू उचलला आणि भावाच्या तोंडावर घातला. काशीरामचे समोरचे तीन दात पडले. ते त्यानं पुन्हा बसवून घेतले नाहीत. गणूला फट दिसावी म्हणूनच ती तशी ठेवलीय, असं गणू म्हणायचा.

त्यांच्या घरची रीत अशी, की हळदीला नवरीच्या पानात पहिला मासा पडायचा तो मामांनी स्वतः धरलेला. हौसानं तीच रीत पुढं केली. दोघांना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, "दोगं मिलून तलावावर जा, एका ताडपत्रीखाली झोपा आनि मासा घेऊन या. जमत नसंल तर माझ्या पोरीच्या मागं एकपन मामा उभा नको. परका मानूस उभा करीन."

गणूला पोरबाळ नव्हतं. अंकिताला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या. अंतरपाट धरतील तेव्हा तिच्या मागं उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यासाठी तो काशीरामबरोबर एक दिवस काढायला तयार झाला.

शुक्रवारी दुपारी दिलशादच्या टेम्पोनं त्यांना डोंगराखालच्या सरकारी तलावावर सोडलं. दिलशाद पनवेलचा, दोघांना पोरपणापासून ओळखणारा.

"सकाळी नऊला येतो," तो म्हणाला. "मासा नसला तरी चालेल, बाजारातून घेऊ. पण मला दोन पॅसेंजर परत पाहिजेत हां, काशीरामभाई."

"ह्याला सांग," काशीराम म्हणाला. "मी वेळेवर येनारा मानूस हाय. उशीर करायची सवय ह्याची."

गणूनं टेम्पोतनं सामान उतरवलं. ताडपत्री बांधली, चूल मांडली. काशीरामनं पंधरा दिवस रोज सायकलवर येऊन एका खडकाखाली कोंडा आणि पेंड टाकली होती, म्हणजे मासे तिथं येतील. बापाचा खडक तो. संध्याकाळी भात शिजत असताना गणू त्याच खडकावर जाऊन बसला.

"उठ तिथनं," काशीराम म्हणाला. "बाबांच्या जाग्यावर बसायला बाबांना खांदा द्यावा लागतो."

गणूनं उडी मारली ती सरळ त्याच्या नरड्यावर. दोघं चुलीवर पडले. उकळता भात काशीरामच्या पोटावर सांडला. तो ओरडला आणि त्यानं गणूच्या कानाचा चावा घेतला. मग हाताला लागला तो लाकडं फोडायचा कोयता त्यानं उचलला.

"परत हात लाव!" त्याच्या दातांच्या फटीतून थुंकी उडत होती. "परत हात लाव, कापून ह्याच पान्यात टाकतो."

गणू मागं सरला. कान ओला झाला होता. काशीराम कोयता उशाशी घेऊन झोपला, आणि गणू ताडपत्रीबाहेर बसून राहिला.

उजाडलं तसा गणूनं गळ टाकला. बापाची पद्धत वेगळी होती. तंगूसाचं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचं, शेवटचं टोक डाव्या मनगटाला पक्कं बांधायचं, म्हणजे मोठा मासा सगळी दोरी घेऊन पळणार नाही. उजव्या हातात आकडी, काठीला लोखंडी हूक लावलेली, मासा जवळ आला की ओढून घ्यायला. बाप सांगायचा, असा गळ टाकताना दुसरा माणूस जवळ पाहिजे. गणूनं काशीरामला उठवलं नाही.

आठच्या सुमाराला कटला लागला. वीस किलोच्या वर असावा. पहिल्याच ओढीला गणू खडकावरून घसरून पाण्यात पडला. खडकाला लागूनच खोल होतं. मासा तळाला गेला आणि विसर्जनाच्या गणपतीचा एक लोखंडी सांगाडा पडला होता त्याला वेढा घालून अडकला. दोरी ताठ झाली. गणूचं मनगट खाली ओढलं गेलं, तंगूस मांस कापून हाडाला लागला. तोंडात पाणी गेलं. तो वर आला, ओरडला, पुन्हा खाली गेला.

पुन्हा वर आला तेव्हा समोर काशीराम होता. गळ्यापर्यंत पाण्यात, उघड्या तोंडात ती फट, आणि डोक्यावर उचललेला कोयता.

गणूनं आकडी फिरवली. सगळ्या ताकदीनं. हूक काशीरामच्या कानाखाली रुतला आणि गणूनं तो ओढला, मासा ओढतात तसा.

त्याच क्षणी कोयता गणूच्या मनगटाशेजारून पाण्यात गेला. तटकन आवाज झाला. हात सुटला.

तुटलेला तंगूस मनगटापासून पाण्यावर तरंगत होता. गणूनं त्याच्याकडं पाहिलं, मग लाल झालेल्या पाण्याकडं.

त्यानं काशीरामला काखेत धरून काठावर आणलं. टॉवेल दाबला, तो भिजला. ताडपत्री फाडून दाबली.

"सुटला काय हात?" काशीरामनं विचारलं.

"सुटला, दादा."

"मग झालं." बोलताना त्याच्या मानेतून रक्त उसळलं. "मासा?"

"गेला."

"तुजा नेम कवापन..." तो पुढं बोलला नाही.

दिलशाद टेम्पो घेऊन आला तेव्हा गणू दोन्ही हातांनी भावाची मान धरून बसला होता. दिलशाद "या अल्ला" एवढंच म्हणाला आणि काशीरामला चढवायला टेम्पो मागं घेत काठाशी लावला.

पोलिसांना गणूनं सगळं सरळ सांगितलं. वकील म्हणाला, झटापटीत लागलं म्हण. गणूनं ऐकलं नाही. अंकिताचं लग्न मे महिन्यात लागलं. तिच्या मागं कुणीच उभं नव्हतं. हौसानं परका माणूस उभा केला नाही.

काशीराम गेला तो शनिवारी, सोळा फेब्रुवारी दोन हजार आठला, सकाळी साडेनऊच्या आसपास, टेम्पो पनवेलला पोचायच्या आधी. त्याला त्याच्या भावानं, गणूनं मारलं.