पांढऱ्या पट्ट्याची झाडं

लाकूड कंपनीत झाडांवर खुणा रंगवणारे एकच काका होते, सगळे त्यांना रंगवाले म्हणत. त्यांचं काम तसं सोपं होतं, पण त्यांनी ते डोळ्यात तेल घालून केलं. तोडायच्या झाडावर लाल आकडा, राखायच्या झाडाला पांढरा पट्टा. जंगलाच्या प्रत्येक तुकड्यात एक मोठं झाड बियाण्यासाठी राखायचं, असा नियम होता. ते कोणत्या दगडापासून किती पावलांवर आहे, हे रंगवाले वहीत लिहून ठेवत. तीस वर्षांत एक नोंद चुकली नाही.

बी पडत होतं, रोपं येत होती. पण दंडाएवढी झाली की त्यांच्यावरही करवत फिरे. जंगलात पांढऱ्या पट्ट्यांची तेवढी थोर, बाकी सगळी पोरंसोरं.

नवा साहेब आला, तेव्हा रंगवाल्यांनी हौसेनं वही त्याच्या टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती, पण नोकरी संपत आली की माणसाला कौतुकाची भूक लागते. साहेब तरुण, काका काका करणारा. त्यानं पान अन् पान वाचलं आणि म्हणाला, इतकं चोख काम आपण कुठं पाहिलं नाही. रंगवाल्यांची छाती फुगली. मग साहेबानं तीच वही करवतवाल्याच्या हाती दिली. मोठा माल एवढाच उरलाय, याच क्रमानं घ्या, असं सांगितलं. बियाण्याचं काय, असं रंगवाल्यांनी विचारलं. वरून परवानगी आलीय, साहेब म्हणाला.

वीस दिवसांत एकसष्ट झाडं आडवी झाली. शोधाशोध करावीच लागली नाही, पावलं मोजून दिलेली होती. रंगवाल्यांना आपल्याच अक्षराची किळस आली.

बासष्टावं मात्र वहीत नव्हतं. ओढ्यापलीकडचं, सगळ्यांत जुनं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सापडलं आणि का कोण जाणे, त्यांनी ते स्वतःपाशी ठेवलं. दर सुट्टीला तिथं जाऊन बसायचे, बी वेचून आणायचे. बायको त्या झाडाला सवत म्हणायची आणि निघताना डबा हातात देऊन सवतीला निरोपही धाडायची.

शेवटच्या दिवशी जीप ओढ्यापाशी थांबली. संपलं ना, साहेबानं विचारलं.

"संपलं. पलीकडे नुसती झुडपं आहेत," रंगवाले म्हणाले. कामातलं हे त्यांचं पहिलं खोटं, पण जीभ अडखळली नाही. साहेबानं मान डोलावली. काकांच्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

करवतवाला ओढ्यावर बाटली भरत होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

"काका, मग ही वाट कुठं जाते?"

पलीकडच्या काठावरून, गवतातून, एक पायवाट सरळ वर गेली होती. एकाच माणसापुरती रुंद, तीस वर्षं तुडवून टणक झालेली.

साहेब रागावला नाही. झाडाखाली पोचल्यावर त्यानं लाल रंगाचा डबा पुढे केला, एवढंच. रंगवाल्यांनी बासष्टचा आकडा घातला, नेहमीसारखा, छातीएवढ्या उंचीवर. आकडा नीट आला.

घरी बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. बोटांवरचा लाल रंग तिला रोजचाच होता.

"आज ओढ्याकडे काम होतं ना तुमचं? सवत बरी आहे ना माझी?"

"मीच वाट दाखवली त्यांना," ते म्हणाले, आणि पेला तसाच हातात धरून बसून राहिले.