दिलेल्या पत्त्यावरची घागर

मी एक तांब्याची घागर बोलतेय. माझ्या पोटाला एक पोचा आहे. तो विहिरीच्या काठाला आपटून पडलेला नाही, कुणाच्या हातून निसटूनही नाही. तो एका सरकारी बुटाचा आहे. कसा पडला ते ऐकल्याशिवाय मी तुम्हाला इथून हलू देणार नाही.

नांदेडच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. निलंग्याच्या एका बापाने लेकीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं आणि दुकानातच माझ्या गळ्याखाली नाव कोरून घेतलं: साबेरा महेबूब शेख. तेव्हापासून मी साबेराची.

साबेरा शिकलेली नर्स, लातूरच्या एका खासगी दवाखान्यात कामाला. लग्नाची मेंदी उतरते न उतरते तोच तिचा नवरा महेबूब कुवेतला गेला, एसी दुरुस्त करायला. त्याच्या पगारात बायकोला नेता येत नव्हतं. साबेराने त्याला कळवलं, "मग मीच माझ्या कामाच्या व्हिसावर येते." आणि तिथल्या एका दवाखान्याने तिला निवडलंही! अट एकच होती. पासपोर्टचा नंबर ईदच्या आत कळवायचा, की ते व्हिसा पाठवणार. नाहीतर जागा दुसरीला.

ते शहाऐंशीचं साल. लातूर नुकताच कुठे जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवरचे बोर्ड नवे, आतली उत्तरं मात्र जुनीच. आणि वर दुष्काळ. नळ कोरडे पडले होते. टँकर यायचा, पण कधी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून बायका सकाळीच रांगेत घागरी ठेवून कामाला जात. घागर ठेवली म्हणजे बाई उभी राहिली. कुणाची घागर कुणी हलवायची नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. साबेरा ड्यूटीवर गेली की तिच्या जागी मी उभी असे, आणि शेजारच्या केवळाबाई मला भरून घेत.

तिथेच तो आला. साबेराने केलेल्या पासपोर्टच्या अर्जाची चौकशी करायला आलेला पोलीस. साबेराच्या दाराला कुलूप, शेजारच्या दारालाही कुलूप, कारण टँकर आला होता आणि सगळी गल्ली पाण्यावर होती. तोही आला आणि पाइपाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्याला.

"कुणाला हुडकून राहिलात ओ दादा?" केवळाबाईंनी विचारलं.

"सरकारी काम हाय. तुमाला काय करायचं?"

"तसं न्हाई. गल्लीतलं माणूस आसंल तर सांगू की."

"पाणी भरा गप!"

मग त्याने माझ्या पोटावर बूट टेकवला, सगळा भार दिला आणि नाडी बांधली. मी आत दबले. त्याच्या बुटाच्या चार बोटं वर तिचं नाव होतं. नुसतं वाचायचं होतं हो! त्याने तिथल्या तिथे गुडघ्यावर कागद धरून काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

काय लिहिलं, ते साबेरा पोलीस कचेरीत खेटे घालून दमली तेव्हा कळलं.

"तुम्ही दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, बाई," कारकून म्हणाला.

"मग रोज कुठून येते मी इथं?"

"ते चौकशीत नाही. जुन्या जिल्ह्यात बघा, उस्मानाबादला."

तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा केवळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आगं, तुझी घागर हितं राहती आन् तू राहत न्हाईस व्हय?"

दुसऱ्या दिवशी आमची रांग टँकरसाठी लागली नाही. ती पोलीस कचेरीच्या फाटकात लागली. घागरी, हंडे, कळशा, सगळ्या एकामागे एक. साहेबांची जीप बाहेर निघेना.

"कुणाच्या आहेत ह्या?" साहेब गरजले.

"रांग हाय साहेब," केवळाबाई म्हणाल्या. "तुमचा माणूस आमच्या रांगंत यिऊन पाणी पिऊन गेला. पर आमी काय त्याला दिसलो न्हाई. म्हणून रांगच घिऊन आलो."

साबेराने मला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "वाचा साहेब."

साहेबांनी नाव वाचलं, पोचाही पाहिला. मागे एक शिपाई फिदीफिदी हसला. मी त्याच्या पायावर धपकन आदळायला हवं होतं.

पुन्हा चौकशी करा, असा हुकूम निघाला. ती चौकशी झाली, कागद मुंबईला गेले, पासपोर्ट आला. पण ईद होऊन गेली होती. नर्सची जागा दुसरीला मिळाली होती. त्या दिवशी साबेरा रडली नाही. चिंच आणि मीठ घेऊन मला घासत बसली. घासत राहिली, घासत राहिली. मी लखलखले, पण पोचा निघाला नाही.

पुढच्या वर्षी व्हिसा मिळाला तो आयाच्या कामाचा. सलाईन लावणाऱ्या हातांनी आता फरशा पुसायच्या! पाणी आभाळाने दिलं नाही, समजू शकते. पण मान वाकवून एक नाव वाचायला कुठल्या पावसाची वाट बघायची होती?

तरी ती गेली. जाताना मला केवळाबाईंच्या हवाली केलं.

"पोचा काढून आणू का गं तांबटाकडून?" त्यांनी विचारलं.

"नको, मावशी. राहू द्या."

म्हणून तो आहे. मी अजून रांगेत उभी असते, अंगावर तिचं नाव घेऊन. परवा तोच पोलीस सायकलवरून गल्लीतून गेला. पायात नवे बूट होते.

अहो दादा, थांबा जरा. साबेरा आता कुवेतला राहते, तिच्या नवऱ्याजवळ. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. आता लिहा.