खोटी

सोमवारी सकाळी आठला मी छापखान्याच्या फाटकावर गाडी लावली. आत कागदाची रिळं, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. आज गुरुवार. तीन दिवस गोदामात जागा नव्हती म्हणे.

गाडी उभी राहिली की आम्ही 'खोटी झाली' म्हणतो, आणि त्या दिवसांचे जे पैसे मिळतात तीही खोटीच. दलालाने कबूल केलं होतं, पहिला दिवस फुकट, पुढे रोजची खोटी. भाडं म्हणाल तर ते डिझेल, टोल आणि हप्ता गिळतात आणि ढेकरही देत नाहीत. या खेपेत माझ्या घरी जाणार ती फक्त खोटी. तीही पोचपावतीवर कारकुनाने गाडी आल्याचा खरा वार लिहिला तर.

मागच्या खेपेला मी गाढवासारखा आधी दोर सोडला. माल उतरला आणि मग कारकुनाने त्याच दिवसाचा वार ठोकून दिला. रिकाम्या गाडीचं ऐकतो कोण?

म्हणून या खेपेला मी आणि मामाने चहावर ठरवलं. मामा म्हणजे रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीचा मालक. सगळी रांग त्याला मामाच म्हणते. त्याचीही गाडी सोमवारचीच, मालही तोच. "आधी वार, मग दोर," असं म्हणून त्यानेच टाळी दिली.

कारकून आला. "चल, दोर सोड. आत मशिनं अडलीत."

"सोमवार लिहा साहेब, लगेच सोडतो."

"मला तू आज दिसलास. आजच लिहिणार."

"फाटकावरच्या वहीत सोमवार आहे की."

"वही फाटकाची, पावती माझी. खोटी पाहिजे काय रे तुला?"

"हो. खरी खोटी पाहिजे."

तो हसला नाही. मागे तोंड करून ओरडला, "मामा, तू ये आत! हा बाजूला लागतोय."

मी आरशात बघितलं. मामा खाली उतरला. वाटलं, आता भांडणार. त्याने माझ्याकडे न बघता दोराच्या गाठीला हात घातला.

दोन तासांनी रिकामी गाडी माझ्या खिडकीशी थांबली. मामाच्या हातातल्या पावतीवर गुरुवार.

"लाज वाटली नाही, मामा?"

"वाटली ना. पण दलालाकडे उद्याचा माल आहे, सकाळी पोचलो तर मिळेल. दलाल विचारतो कधी निघतोस, बायको विचारते कधी येतोस. तुला कुणी विचारत नाही वाटतं?"

मला काचेवर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. उद्याच्या त्या मालासाठी दलालाने सकाळी मलाही फोन केला होता, आणि मी 'येतो' म्हणालो होतो.

मामा गेला. कारकून तिसऱ्या गाडीकडे वळला. मी खाली उतरून माझा दोर तपासला, एक गाठ आणखी मारली आणि त्या तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे चालत गेलो.

"दादा, तुम्ही कधी आलात?"

त्याने आधी कारकुनाकडे बघितलं.