पाहण्याने होणारी इजा

ज्यू प्रार्थनागृहाच्या रब्बायकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंकडे, लोक हल्ली भलतेसलते प्रश्न घेऊन यायचे आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. विश्रांतीच्या पवित्र दिवशी फ्रिज उघडताना दिवा लागला तर चालतो का, शेजाऱ्याचं वायफाय वापरणं ही चोरी का, असं काहीही विचारलं की ते लगेच जुने ग्रंथ उघडून बसत. "तुमच्या भोचकपणाला धर्माचं बरं निमित्त मिळतं," असं त्यांची बायको म्हणायची.

एकदा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी बाई त्यांच्याकडे आली. तिच्या समोरच्या घरात एक निवृत्त बसचालक एकटेच राहायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. दारातून पार्सलं चोरीला जायला लागली म्हणून काकांनी कॅमेरा बसवला होता. दोन दारांमधली जागा एवढीशी, त्यामुळे तिचं दारही त्यात यायचं.

"काका वाईट नाहीत," ती म्हणाली. "पण मला तो कॅमेरा नकोय. का, ते मात्र विचारू नका."

रब्बायना नेमकं तेच विचारायचं होतं. त्यांनी ओठ आवळले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचं दार वाजवलं.

"मी काय तिच्या घरात डोकावतो का?" काकांनी फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा काय दिसतं ते."

चित्र अगदी स्वच्छ होतं. समोरच्या दाराचे उडालेले पोपडेसुद्धा दिसत होते.

"आवाज येतो?"

"येतो की. मोठा करू?"

खरं तर काम झालं होतं, फोन परत द्यायला हरकत नव्हती. पण रब्बाय बघत राहिले. वरच्या मजल्यावरचं मांजर येऊन पायपुसणं हुंगून गेलं. मग ती बाई कामावरून आली. तिने पिशवी खाली ठेवली, पण किल्ली काढली नाही. भिंतीला कपाळ टेकून ती उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. थोड्या वेळाने तिने तोंड पुसलं आणि बंद दाराकडे बघून हळूच म्हणाली, "आज काय गंमत झाली माहितीये?" ते तिला जमलं नसावं. पुन्हा एकदा, जरा हसऱ्या आवाजात म्हणून पाहिलं. मग दार उघडून आत गेली. आत तिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळून होता, हे रब्बायना ठाऊक होतं.

त्यांनी फोन पालथा ठेवला.

"रोजचंच आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले. "मी कुणाला अक्षराने बोललो नाही."

"माहीत आहे, काका. पण आमच्याकडे एक जुना कायदा आहे. शेजाऱ्याच्या अंगणावर खिडकी काढली तर ती बुजवायची. 'मी बघणार नाही' म्हटलं तरी बुजवायची. पाहण्यानेही इजा होते, असं मानलंय. अंगणातल्या माणसाला मोकळं वावरता येत नाही, हीच ती इजा."

"मग चोरांना मोकळं रान द्यायचं?"

"कॅमेरा राहू दे की. फक्त खाली वळवा, तुमच्या उंबऱ्यापुरता."

"नुसते बूट दिसतील."

"चोर काय अनवाणी येतो?"

काकांना हसू आलं. कुरकुरतच ते स्टुलावर चढले. रब्बायनी स्टूल धरलं.

घरी आल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगितलंत तर तिला संकोच वाटेल. नाही सांगितलंत तर तिची वस्तू तुमच्या खिशात राहील."

सकाळी ते दवाखान्यात गेले. काउंटरपाशी तेव्हा कुणी नव्हतं.

"ताई, कॅमेरा वळवलाय. पण त्याआधी मी तुम्हाला पाहिलं. काल संध्याकाळी."

तिचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. "आवाजासकट?"

"हो. बघायची गरज नव्हती. उत्सुकता माझी होती, कामाचं नाव पुढे केलं. माफी मागायला आलोय."

तिने काउंटरवरची पेनं उगाच नीट लावली. "इथे हसायचं, घरी हसायचं. तेवढी दारापुढची जागा माझी होती." मग म्हणाली, "यांना कळता कामा नये."

"कळणार नाही."

"मग एक करा. अधूनमधून येऊन यांच्याशी वाद घाला. मी कंटाळेन म्हणून ते माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत. नुसते हो हो म्हणतात."

रब्बाय अधूनमधून तिच्या घरी जायला लागले. पहिल्याच दिवशी फ्रिजच्या दिव्यावरून नवऱ्याने त्यांना असं कोंडीत पकडलं, की घरी जाऊन पुन्हा ग्रंथ उघडावे लागले. पुढच्या खेपेला ते तयारीनिशी गेले आणि तरीही हरले. तिला हे स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. एकदा तर तीही मध्ये पडली, नवऱ्याच्या विरुद्ध बाजूने, आणि तो तिच्यावर चक्क चिडला.

जिना चढताना मात्र रब्बाय खालच्या मजल्यापासूनच खाकरायला लागत. ते ऐकून काकाही दार उघडण्याआधी किल्ल्या खळखळ वाजवायला लागले.