शेवटच्या रांगेपर्यंत

प्रयोगाला तासभर उरला होता आणि नायिका अजून चाकणच्या कंपनीतच होती.

"मॅडम, रिलीव्हर आला नाही!" प्रेसच्या धडधडाटावर आवाज चढवून जास्मिन फोनवर ओरडत होती. "पुढच्या शिफ्टचा माणूस मशीन ताब्यात घेत नाही तोवर मला हलता येत नाही. तुम्हीच उभ्या राहा ना!"

विजयश्रीनं फोन ठेवला. कामगारांच्या स्पर्धेचं हे नाटक तिनंच बसवलेलं, त्यामुळे शब्द न् शब्द पाठ.

"व्हय ताई, आता तुमीच," लाइटवाले मारुतराव म्हणाले. ते मूळचे भोसरीचे. ती व्यावसायिक नाटकांत कामं करायची तेव्हापासून तिच्यावर उजेड टाकत आलेले. "लय वर्सांनी बगायला मिळंल."

तिनं आढेवेढे घेतले नाहीत, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. रेवा झाली आणि दौरे सुटले. मग दिग्दर्शन. सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी, मांडीवर पोर. लोकांना ती सांगायची, मला आता बसवण्यातच गोडी वाटते. अगदीच खोटं नव्हतं ते. पण आज नऊवारी नेसताना तिनं कमरेची गाठ करकचून आवळली आणि तो काच तिला हवासा वाटला. कितीतरी दिवसांत दमणुकीशिवाय दुसरं काही अंगाला जाणवलंच नव्हतं.

रेवाला चित्रं काढायला बसवून, पिनांचा डबा तिच्या हाताला लागणार नाही ना हे पुन्हा एकदा बघून, ती रंगमंचावर गेली. अंगावर माइक लावायला स्पर्धेत परवानगी नव्हती, म्हणून मारुतराव आवाज पाहायला शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

तिनं पहिला उतारा म्हटला. चांगला म्हटला. सगळ्या जागा बरोबर पडल्या. मग विचारलं, "मारुतराव, येतंय ना ऐकू?"

ते कानामागे हात धरून तसेच उभे. जरा वेळानं तिकडून हाक आली, "ताई, करा की सुरू!"

म्हणजे तिचं एक अक्षरही तिथवर पोचलं नव्हतं. पुन्हा म्हणून पाहिलं, जोर लावून. आवाज चिरकला आणि ठसका लागला.

धम्मरत्नची, तिच्या नवऱ्याची, कायमची तिसरी शिफ्ट. सकाळी येऊन तो झोपायचा, तो उठेपर्यंत रेवाची दुपारची झोप. घरात सतत कुणीतरी झोपलेलंच. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा, बेल वाजायच्या आत दार उघडायचं. भांडणंसुद्धा कुजबुजत. आणि तेच वळण तिनं तालमीतही लावलं होतं. जास्मिनला रोज एकच सांगणं, हळू बोल गं, कानठळ्या बसतात.

तेवढ्यात जास्मिन आलीच. डोक्यावर कंपनीची जाळीची टोपी, पायात सेफ्टी शूज, धापा टाकत.

"आला एकदाचा रिलीव्हर! अरे वा, मॅडम! काय दिसताय!"

"हिला श्वास तर घेऊ द्या," मागून कुणीतरी म्हणालं. "ताई, तुम्ही तयारच आहात. तुम्हीच करा."

करता आलं असतं. पुढच्या चार रांगांना आवडलंही असतं. विजयश्री क्षणभर आरशासमोर उभी राहिली, मग नऊवारीचा काष्टा सोडला.

"चल, नेसवते. आणि ऐक, मी शिकवलेलं हळूबिळू विसर. मशीनवर बोलतेस तसं बोल."

"म्हणजे ओरडू?" जास्मिन हसली. "इतके दिवस हळू, हळू म्हणून डोकं खाल्लंत की माझं!"

"चुकलं माझं. हात वर कर."

तिसरी घंटा झाली. रेवाला मांडीवर घेऊन ती शेवटच्या रांगेत बसली. पडदा वर गेला. जास्मिनचं पहिलं वाक्य आलं आणि एका परीक्षकाच्या हातातलं पेन दचकून थांबलं. वाक्य तसंच पुढे येत येत विजयश्रीच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर आदळलं.

"आई, जास्मिनदीदी ओरडते कशाला?"

"शू," ती सवयीनं म्हणाली. इतकं हलकं, की मांडीवरच्या रेवालाही ते कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. पुढची बाई कपाळाला आठ्या घालून वळली.

विजयश्रीनं लेकीला गप्प केलं नाही. सोडलेल्या नऊवारीचा वळ कमरेवर अजून हुळहुळत होता.