एक रिंग

"ताई, दारात कोण उभंय बघा!" शेजारी शिवत बसलेल्या मावशींनी शिवणयंत्र थांबवलं.

हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत, फाटक्या चादरी शिवायच्या कामावर, ताईंचा हा पहिलाच दिवस. मान वर करून बघतात तो दारात नवरा. घामाघूम, हातात चष्म्याचं घर.

"चष्मा विसरलीस."

"अहो, मग नाकावर काय आहे?"

मावशी खुदकन हसल्या. नवऱ्याने घर उघडून पाहिलं, ते रिकामंच होतं. त्याने ते खिशात कोंबलं आणि एकदम उसळला, "रिंग का नाही दिलीस? साडेबारा वाजले!"

ताईंनी जीभ चावली. हा नियम त्यांचाच. कचेरीत पोचला की त्याने घरचा फोन एकदा वाजवून बंद करायचा, त्यांनी उचलायचा नाही. त्या रिंगशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. "अगं, मी काय लढाईवर चाललोय?" असं तो चिडवायचा. सकाळी तो घरातून निघताना त्या विचारायच्या, "कचेरीतून किती वाजता निघाल?" उत्तर ठरलेलं, "सुटलो की." जीव लावायचा तो आपणच, हा गडी आपला मोकळा, असं त्या धरूनच चालल्या होत्या. तो निवृत्त झाल्यावर त्यांनी ही नोकरी धरली, तेव्हाही एकच धाकधूक होती. आपण दिवसभर घरात नसलो, तर ह्याला काही वाटेल तरी का? आणि आज कामाच्या नादात त्या स्वतःच रिंग द्यायला विसरल्या.

"सव्वीस वर्षांत मी एकदा तरी चुकवली का?" त्याने विचारलं.

ताईंना भरून आलं. "जेवलात?"

"भूक नव्हती."

"घरी जाऊन आधी जेवा. आणि पोचलात की रिंग द्या."

तो मान हलवून गेला.

अर्ध्या तासाने ताईंचा फोन वाजला. एकदा वाजून बंद व्हायचा, तो दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. ताईंनी दातातला दोरा काढून फोन उचलला.

"पोचलो," तो म्हणाला. त्यापुढे फोनवर काही बोलायची दोघांनाही सवय नव्हती.

"बरं," ताई म्हणाल्या.

"तू... किती वाजता निघशील?"

"सुटले की," ताईंच्या तोंडून गेलं. पण आज त्याला चिडवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"साडेपाचला," त्या हळूच म्हणाल्या. "लगेच निघते हं."